प्रहर, पहारा आणि शीव

मराठीतील ‘पहारा’ हा शब्द ‘प्रहर’ या संस्कृत शब्दापासून आला, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. प्रहर म्हणजे दिवसाचा किंवा रात्रीचा चौथा भाग. आणि पहारा म्हणजे तेवढ्या भागापुरते जागे राहण्याची कामगिरी. मनुष्य अष्टौप्रहर जागा राहू शकत नाही. म्हणून त्याने जागेपणाचे वाटे पाडले आणि त्या वाट्यावरूनच राखणीला नाव दिले. राखण ही अशी मुळापासूनच वेळेशी बांधलेली आहे.

तिचे दुसरे बंधन स्थळाचे. कोठपर्यंत राखावयाचे हे ठरल्यावाचून राखण होत नाही, आणि त्या ‘कोठपर्यंत’ला आपल्याकडे शब्द आहे शीव. पहारेकऱ्यापुढे पूर्वीपासून दोनच प्रश्न होते : आता कोणता प्रहर चालला आहे, आणि समोरून येणारा मनुष्य शिवेच्या आतला की बाहेरचा?

आज घराच्या दारावर आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात बसविलेला कॅमेरा नेमके हेच दोन प्रश्न विचारीत असतो. सूर्य मावळला की तो आपली दृष्टी पालटतो. घरधनी ठराविक अंतरापलीकडे गेला की जागा होतो, आणि तो परतला की डोळा मिटून घेतो. हे सर्व आपोआप घडते. बटण दाबण्याचीही गरज उरत नाही. आम्हां परप्रांतांत नोकरी करणाऱ्या मंडळींच्या संसारात या यंत्राचे स्थान काहीसे निराळे आहे, कारण आमचे घर बहुधा एका गावी असते आणि आम्ही दुसऱ्या. म्हणूनच या आपोआप चालणाऱ्या पहाऱ्याचा पूर्वेतिहास थोडा तपासून पाहावा असे आम्हांस वाटले. पहाऱ्याचा नियम कोणी करावयाचा आणि त्याला अपवाद करण्याचा अधिकार कोणाकडे असावयाचा, हा प्रश्न त्या इतिहासात वारंवार डोके वर काढताना दिसतो.

प्रथम वेळेचा विचार करू. आपल्याकडे अहोरात्राच्या साठ घटिका मानीत, आणि प्रत्येक घटिका आजच्या हिशेबाने चोवीस मिनिटांची. तळाला बारीक छिद्र असलेले वाटीसारखे पात्र पाण्यावर सोडावयाचे, ते भरून बुडाले की एक घटिका झाली, आणि मग झांजेसारख्या जाड थाळीवर टोला द्यावयाचा, अशी ही व्यवस्था. दिवसाचे चार प्रहर आणि रात्रीचे चार. परंतु दिवस-रात्र ऋतूप्रमाणे लहानमोठी होत असल्याने प्रहरही लहानमोठे होत. उन्हाळ्यात रात्रीचा प्रहर आखूड, थंडीत लांब. घड्याळाचा काटा सूर्याच्या मागे चाले, सूर्याला काट्याच्या मागे चालावे लागत नसे.

बाबराने आपल्या आत्मवृत्तात हिंदुस्थानातील या पद्धतीची नोंद केली आहे, आणि तीत त्याने केलेली एक सुधारणाही सांगितली आहे. घड्याळजी चालू प्रहराच्या जितक्या घटिका झाल्या तितकेच टोले देत. रात्री मध्येच जाग आलेल्या मनुष्याला तीन टोले ऐकू आले, तर ते दुसऱ्या प्रहरातील की तिसऱ्या, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. तेव्हा घटिकांच्या टोल्यांनंतर थोडे थांबून प्रहराची खूणही वाजवावी, असा हुकूम बाबराने दिला. राज्य जिंकून घेणाऱ्या पुरुषाला अंथरुणावर पडल्या पडल्या रात्र किती उरली हे कळावेसे वाटत होते, ही गोष्ट पहाऱ्याच्या इतिहासात लहान नव्हे.

वेळ मोजता आली की वेळेवर नियम बसविता येतो. कौटिलीय अर्थशास्त्रात नगराच्या व्यवस्थेचे जे प्रकरण आहे, त्यात रात्रीच्या संचारबंदीचा नियम दिलेला आहे. रात्र पडून काही नालिका लोटल्या म्हणजे तूर्य वाजावयाचे, पहाटेस काही नालिका उरल्या म्हणजे पुन्हा वाजावयाचे, आणि मधल्या काळात जो हिंडताना सापडेल त्याला दंड. नियम कडक आहे. परंतु त्याच्या पाठोपाठ अपवादांची यादी येते. सुईणीच्या कामासाठी निघालेला, वैद्याकडे किंवा वैद्य म्हणून चाललेला, प्रेत नेणारा, हाती दिवा घेतलेला, आग लागली म्हणून धावणारा, नाटकाचा खेळ पाहून परतणारा, आणि ज्याच्याजवळ मुद्रा म्हणजे परवाना आहे तो, यांना धरू नये. जन्म, आजार, मरण, आग आणि करमणूक, एवढ्या गोष्टी घड्याळ पाहून येत नाहीत, हे त्या शास्त्रकाराला पक्के ठाऊक होते. नियमापेक्षा अपवादांतच त्याची मनुष्यस्वभावाची पारख अधिक दिसते.

अपवाद नसलेल्या नियमाचे काय होते, ते आपल्या रायगडावरील हिरकणीच्या दंतकथेत आहे. तिला इतिहासाचा पुरावा म्हणून आम्ही येथे आणीत नाही. लोकांनी ती इतकी वर्षे का सांगितली, एवढेच पाहावयाचे आहे. सांजवेळी गडाचे दरवाजे बंद झाले, दूध घालावयास आलेली गवळण आतच अडकली, आणि घरी तान्हे मूल. पहारेकऱ्याने नियम मोडला नाही. बाईने कडा उतरून जीव धोक्यात घातला. या कथेत दरवाजा बंद ठेवणाऱ्याला कोणी दोष देत नाही, आणि उतरणाऱ्या आईलाही देत नाही. ज्या ठिकाणाहून ती उतरली तेथे बुरूज बांधला गेला, म्हणजे गडाची उणीव भरून निघाली. परंतु दरवाजाच्या नियमात ‘घरी तान्हे मूल असल्यास’ असे कलम जोडले गेल्याचे मात्र ती कथा सांगत नाही!

आता स्थळाकडे वळू. गावगाड्यात रात्रीची राखण जागल्याकडे असे. महार, रामोशी, कोठे भिल्ल वा कोळी, अशा जातींकडे हे काम प्रदेशपरत्वे वतनाने चाले. गावात चोरी झाली तर चोराच्या पावलांचा माग काढीत जागल्या शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत जाई. माग शीव ओलांडून गेला, असे त्याने पलीकडच्या गावच्या राखणदाराला दाखवून दिले, की त्याची जबाबदारी संपे आणि दुसऱ्याची सुरू होई. ज्या गावाच्या हद्दीत माग विरला, त्या गावावर भरपाईचा बोजा येई. म्हणजे जमिनीवर डोळ्यांना न दिसणारी एक रेघ होती, आणि ती ओलांडताक्षणी जबाबदारी बदलत असे. आजच्या यंत्रशास्त्रात ज्याला जिओफेन्सिंग म्हणतात ते याहून तत्त्वतः फार निराळे नाही. एक कटू गोष्ट मात्र येथे नमूद करावयास हवी : जो गावाला राखीत होता त्याची वस्ती बहुधा गावकुसाबाहेर असे. कोण आतला आणि कोण बाहेरचा, हे ठरविण्याचा अधिकार राखणाऱ्याला नव्हता.

आणि राखणाराच उलटला तर? 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तो रात्रीच्या अंधारात नव्हे, दिवसाढवळ्या. आणि करणारे बाहेरून आलेले शत्रू नव्हते, पदरी ठेवलेले गारदीच होते. भिंती, दरवाजे, खिळे ठोकलेली कवाडे, सर्व जागच्या जागी होते. पहाऱ्याचे सामर्थ्य जितके मोठे, तितका तो कोणाच्या हाती आहे हा प्रश्न मोठा, एवढा धडा त्या दिवसाने घालून दिला. त्याची यांत्रिक आवृत्ती 2016 साली दिसली. कारखान्यातून आलेला सांकेतिक शब्द मालकांनी बदललेला नव्हता अशी लक्षावधी उपकरणे, आणि त्यांत घराघरांतील कॅमेरे पुष्कळच, ‘मिराई’ नावाच्या एका दुष्ट आज्ञावलीने आपल्या सैन्यात ओढली, आणि त्यांच्याकरवी इंटरनेटवरील मोठमोठ्या सेवा काही तास बंद पाडल्या. घरचे पहारेकरी परक्याच्या हुकमाने चालले, आणि घरच्यांना त्याचा पत्ताही लागला नाही.

मनुष्याच्या हातून पहाऱ्याचा नियम काढून तो यंत्राच्या स्वाधीन करण्याचा विचार एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पुढे आला. त्या काळी दरोडेखोर तिजोरी फोडण्याऐवजी रोखपालाचे घर गाठू लागले होते. बायकामुलांसमोर पिस्तूल धरले म्हणजे कुलपाची गुप्त अक्षरे बाहेर येत. 1876 सालच्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टन येथे अशाच रीतीने रोखपालाकडून अक्षरे काढून घेऊन बँक लुटण्यात आली. त्यावर तोड होती रॉचेस्टरच्या जेम्स सार्जंट यांच्या कालबद्ध कुलपाची. 1873 च्या सुमारास त्यांनी ते तयार केले होते. आत घड्याळे बसविलेली, आणि ठरलेली घटका भरल्यावाचून खऱ्या मालकालाही ते उघडावयाचे नाही. येथे अपवाद नसणे हाच गुण होता. रोखपालाला अधिकारच उरला नाही, म्हणून त्याला छळण्यात अर्थही उरला नाही.

हे कुलूप कौटिल्याच्या अगदी उलट टोकाला उभे आहे, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच. परंतु तिजोरीत कोणी राहत नाही, आणि नगरात माणसे राहतात. हा भेद विसरता कामा नये.

सार्जंटचे कुलूप घड्याळावर चाले. सूर्यावर चालणारे यंत्र स्वीडनच्या गुस्ताफ दालेन यांनी 1907 साली केले. निर्जन खडकांवरील दीपगृहांत रोज दिवा लावावयास मनुष्य ठेवणे महाग आणि धोक्याचे होते. दालेन यांनी एक काळा दांडा आणि त्याभोवती चकचकीत दांडे अशी रचना केली. उजेड असला की काळा दांडा तो शोषून किंचित प्रसरण पावे आणि वायूची झडप बंद करी. अंधार पडला की तो आकसे, झडप उघडे आणि दिवा लागे. या यंत्राला घड्याळ ठाऊक नव्हते. जेथे ठेवावे तेथली संध्याकाळ त्याला कळे. 1912 साली दालेन यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले; आणि त्याच वर्षी एका स्फोटात त्यांची दृष्टी गेली. उजेड ओळखणारे यंत्र देणाऱ्या पुरुषाने पुढील पंचवीस वर्षे अंधारात काम केले.

कॅमेऱ्याने राखण करण्याचा आरंभ युद्धातला. 1942 साली जर्मनीत पेनेम्युंडे येथे अग्निबाणांचे उड्डाण दुरून पाहण्यासाठी वाल्टर ब्रूख यांनी बंद मंडलाचे दूरदर्शन बसविले. ते घरात आणले न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मारी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने. त्यांच्या आणि त्यांच्या पतीच्या कामाच्या वेळा जुळत नसत, वस्तीत गुन्हे वाढलेले, आणि बोलाविल्यावर पोलीस येण्यास उशीर. त्यांनी आणि विद्युत्-तंत्रज्ञ असलेल्या पतींनी मिळून 1966 साली एकस्वासाठी अर्ज केला आणि 1969 च्या डिसेंबरात ते मंजूर झाले. दाराला निरनिराळ्या उंचीवर चार छिद्रे, त्यांमागे वरखाली सरकणारा कॅमेरा, शयनगृहात पडदा, आलेल्याशी बोलण्याची सोय, आणि दार उघडण्याची किंवा मदतीची हाक देण्याची कळ. या रचनेत एक गोष्ट लक्षणीय आहे : कॅमेरा दाराबाहेर पाहत होता, आणि त्याची कळ घरात एकट्या असलेल्या बाईच्या हाताशी होती.

पुढील अर्धशतकात कॅमेरा स्वस्त झाला, टेलिफोनला जोडला गेला, आणि स्थळही ओळखू लागला. अमेरिकेच्या उपग्रहांवरून मिळणाऱ्या स्थानसंकेतात मुद्दाम ठेवलेली अशुद्धता 2000 सालच्या मे महिन्याच्या आरंभी काढून टाकण्यात आली. तोपर्यंत शंभर मीटरपर्यंत चुकणारे सर्वसामान्यांचे यंत्र त्यानंतर कितीतरी अधिक अचूक झाले. पुढे ते खिशातल्या फोनमध्ये आले, आणि घराभोवती दोनशे मीटरांचे अदृश्य कुंपण घालणे शक्य झाले. फोन कुंपणाबाहेर गेला, की घर रिकामे. फोन आत आला, की घरची मंडळी आली. जागल्याची शीव आता फोन सांभाळू लागला.

वेळेच्या बाबतीत मात्र आपल्या देशाची एक खास अडचण आहे, आणि बदलीच्या नोकरीवाल्यांना ती अनुभवाने ठाऊक असते. 1906 पासून आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची. द्वारका सुमारे 69 अंशांवर आणि दिब्रुगड सुमारे 95 अंशांवर. अंशाला चार मिनिटे धरली, तर दोन्ही ठिकाणच्या सूर्यात पावणेदोन तासांच्या आसपास अंतर पडते. डिसेंबरात दिब्रुगडला सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. द्वारकेला त्यानंतरही जवळजवळ दोन तास ऊन असते. आसामातील चहामळ्यांनी प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असलेली ‘बागान वेळ’ चालविली, ती याचमुळे. सातारच्या घरातील कॅमेऱ्याला सायंकाळी साडेसहाची वेळ लावून दिली आणि तोच कॅमेरा बदलीबरोबर दिब्रुगडच्या क्वार्टरला नेला, तर हिवाळ्यात दोन तास अंधार होऊनही त्याच्या लेखी दिवसच चाललेला असेल. म्हणून चांगली यंत्रे घड्याळाचा आकडा न मानता गावाचे अक्षांश-रेखांश घेऊन रोजचा सूर्योदय-सूर्यास्त गणिताने काढतात. दृष्टी पालटण्याचे काम तर ती प्रत्यक्ष उजेड पाहूनच करतात : दिवसा अवरक्त किरण अडविणारी काच भिंगामागे सरकते, रात्री ती बाजूस होते आणि अवरक्त दिवे लागतात. दालेनची झडप आणि घटिकापात्राचा प्रहर येथे पुन्हा भेटतात.

वेळेचे कोडे असे सुटते. स्थळाचे सुटत नाही, आणि ते आम्हांसारख्यांनाच विशेष जाचते. आमच्या वसाहतीतील एका स्नेह्यांचे आईवडील साताऱ्याकडे जुन्या घरात राहतात. स्नेह्यांनी तेथे दारावर आणि माजघरात कॅमेरे बसविले, आणि चांगल्या हेतूने सर्व काही आपोआप होईल असे केले. कुंपण घराभोवती, परंतु ओळखीचा फोन एकच, तो त्यांचा स्वतःचा, आणि तो दिल्लीत. यंत्राच्या हिशेबाने ते घर वर्षातील अकरा महिने रिकामे होते. पहाटे आई तुळशीला पाणी घालावयास उठल्या की दिल्लीत फोन वाजे : घरात हालचाल. वडील रात्री पाणी प्यावयास उठले, की पुन्हा वाजे. कधी कधी यंत्र तेथल्या तेथे कर्णाही वाजवी. एके दिवशी आईंनी फोनवर एवढेच विचारले, “अरे, माझ्याच घरात मी चोर का रे?” त्यानंतर माजघरातील कॅमेऱ्यावर एक जुना रुमाल पडला, तो कोणी काढला नाही.

आईंचा फोन यंत्राला ओळखीचा करून द्यावा, असे कोणी सुचविले. केलेही. पण देवळात जाताना त्या फोन घरीच ठेवून जात. मग घर खरोखर रिकामे असताना यंत्र डोळा मिटून बसे. यंत्र माणसे मोजत नाही, फोन मोजते, ही गोष्ट तेव्हा सर्वांना नीट समजली. जागल्याला गावातील प्रत्येक म्हातारीची चाल ओळखीची होती; त्याच्या शिवेला जी अक्कल होती ती अजून या कुंपणाला आलेली नाही.

शेवटी त्या घरी जी व्यवस्था झाली ती साधी आहे. दाराबाहेरचा कॅमेरा सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत आपोआप जागा असतो; त्याची वेळ साताऱ्याच्या सूर्यावर ठरते, दिल्लीच्या नव्हे. माजघरातील कॅमेरा एरवी बंद. त्याचे झाकण भिंतीकडे फिरविलेले. दोघेही बाहेरगावी निघाली की आई दाराजवळची कळ दाबतात, आणि परतल्यावर पुन्हा दाबतात. मुलाला दिल्लीतून ती कळ फिरविता येत नाही. त्याने ती सोय स्वतः काढून टाकली.

कायदा या माजघरात फारसा शिरत नाही. 2017 सालच्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. परंतु 2023 च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याने व्यक्तीने केवळ घरगुती कामासाठी केलेला माहितीचा उपयोग आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. एकाच वास्तूत राहणाऱ्या दोन भावांच्या वादात, सहनिवासी भावाच्या संमतीवाचून राहत्या भागात कॅमेरे चालविणे योग्य नव्हे, असा निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाने 2025 साली दिला. परंतु आई मुलाविरुद्ध न्यायालयात जात नसते. ती फार तर रुमाल टाकते.

आम्ही कारकुनी पेशातील माणसे नियमांत वाढलो. सेवेच्या नियमांच्या बहुतेक संचांत शेवटी एक कलम असते : विशेष परिस्थितीत नियम शिथिल करण्याचा अधिकार. ते कलम कोणत्याही हुशार नियमकर्त्याने लाजून लपविलेले नाही, कारण आयुष्य नियमात पुरते मावत नाही हे कौटिल्यापासून सर्वांना ठाऊक आहे. यंत्राला प्रहर आणि शीव जरूर शिकवावी; दूर राहणाऱ्याला तेवढाच आधार. सार्जंटच्या कुलपाचा ताठरपणा तिजोरीला शोभतो, म्हणून तो तिजोरीपाशीच ठेवावा. जेथे माणसे राहतात तेथे शिथिल करण्याचे कलम हवे, आणि त्या कलमाखालचा सक्षम अधिकारी, पगार कोणाचा आणि कॅमेरा कोणी घेतला हे न पाहता, त्या घरात रोज दिवा लावणारे मनुष्य असावे. गावी कॅमेरा बसविण्याचा ज्यांचा विचार चालू असेल त्यांनी इतर सर्व सेटिंगांच्या आधी एवढी एक नेमणूक करून ठेवावी.